ताबा मिळेपर्यंत

घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पैसेवाला माणूस येतो. पुण्यात माझ्या ओळखीतले बरेचसे घरमालक माझ्यासारखे आहेत: निवृत्त, एकटे, एका जास्तीच्या फ्लॅटच्या भाड्यावर औषधपाणी आणि किराणा भागवणारे. कर्वेनगरचा वन बीएचके यजमानांनी फंडाच्या पैशातून घेतला होता. ते गेल्यावर माझा निम्मा घरखर्च त्या भाड्यावर चालू लागला. तिथल्या एका भाडेकरूने भाडं थांबवलं आणि मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तेव्हा काय केलं आणि काय ठरवून केलं नाही, ते इथे मांडते आहे.

जुलै २०२२ मध्ये एक कुटुंब आलं. नवरा, बायको, नववीतली मुलगी. घरगुती केटरिंगचा व्यवसाय. भाडं १८,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००, मुदत अकरा महिने. एजंट म्हणाला, "काकू, अकरा महिन्यांचं तर आहे, नोटरी करून टाकू. रजिस्टर कशाला?" हा समज पुण्यात घरोघरी आहे. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, हे मूळ नोंदणी कायद्यापुरतं बरोबर आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा मोठी मेख पुढे आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी ५०,००० डिपॉझिट रोखीत घेतलं होतं, नोटरीच्या कागदावर. निघायच्या वेळी भाडेकरू दीड लाख परत मागायला लागला. बिचाऱ्यांना महिनोन् महिने झोप नव्हती.

आणि एवढ्या धोक्याच्या बदल्यात वाचतं किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के गृहीत व्याज, यांच्या पाव टक्का. माझ्या करारावर ते पाचशेच्या आसपास आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. माझ्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत, यंत्र सारखं नाकारत होतं. त्याने बोट पुसायला लावून, दाबून, दुसरं बोट घेऊन शेवटी जमवलं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली, तिची प्रत फाइलला लावली.

फेब्रुवारीपासून भाडं थांबलं. मोठी ऑर्डर बुडाली होती, हे खरं होतं. मी बायकोशी बोलले तेव्हा तिचा आवाज सांगत होता. पण सहानुभूती वेगळी आणि हिशेब वेगळा. दर महिन्याला थकलेली रक्कम मी मेसेजने लिहून कळवत गेले. फोनवर बोललेलं पुढे कुठेच दाखवता येत नाही. पन्नास हजारांचं डिपॉझिट तीन महिनेही पुरत नाही, हे प्रत्येक मालकाने आधीच धरून चालावं.

३१ मे २०२३ ला करार संपला. ते म्हणाले, "काकू, थोडं सांभाळून घ्या." जून गेला, जुलै गेला.

या काळात सल्ल्यांचा पूर आला. भाचा म्हणाला, "मावशी, मीटर तुझ्या नावावर आहे ना? लाइट बंद कर, आठ दिवसांत जातील." दुसऱ्या कुणी कुलूप बदलायला सांगितलं, तिसऱ्याने 'माणसं' पाठवायची तयारी दाखवली. मी सगळ्यांना ठाम नाही म्हटलं. त्याच कायद्याचं कलम २९ भाडेकरूचं पाणी-वीज अडवायला मनाई करतं. बळजबरी केली की तक्रारदार असलेला मालक एका रात्रीत आरोपी होतो आणि सरळ केस वाकडी होते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या घरात दहावीची मुलगी अभ्यास करत होती. उलट त्यांनी थकवलेलं वीजबिल मीच भरलं, पावत्या जपल्या, आणि ती रक्कम मागणीत धरली.

वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली, मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज. राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली की ताबा मिळवण्याचा हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ आखूड आहे. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागायची. ती मिळाली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य होतं. आमच्या भाडेकरूंनी सांगितलं की तीन वर्षं राहायचं तोंडी ठरलं होतं. तिथे करारच बोलला. लेखी करारात जे नमूद आहे त्याचा तो निर्णायक पुरावा, असं कलमातच आहे. अधिकाऱ्यांनी मुदतीचं पान उघडलं, तारीख वाचली, आणि तो मुद्दा तिथे संपला. तारखा पडल्या, हेलपाटे झाले, वकिलांची फी गेली. हे सगळं धरून चालायचं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला ताबा देण्याचा आदेश झाला. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी कायदा दुप्पट भाडं देववतो, तेही त्यात होतं.

आदेशानंतर नवरा-बायको दोघं घरी आली. मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. मी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली, पण लेखी हमीपत्र घेऊन, वकिलांच्या समोर. दुपटीची रक्कम सोडली. थकलेलं मूळ भाडं आणि वीजबिल सोडलं नाही. ते त्यांनी हप्त्यांनी फेडलं. काहींना हा मऊपणा वाटला. मला तसं वाटत नाही. आदेश हातात असल्यामुळेच मला सवलत देता आली. नसता तर ती सवलत झाली नसती, नुसती असहायता झाली असती.

ताबा घेताना पहिल्या दिवशीची यादी आणि फोटो समोर ठेवून आम्ही खोलीखोलीतून फिरलो. गीझर चालू, ट्रॉलीचं एक चाक तुटलेलं, खिडकीची जाळी फाटलेली, शेगडीमागची भिंत तेलाने पिवळी. चाक आणि जाळीचे पैसे घेतले. भिंतीचे घेतले नाहीत. माणसं राहिली की रंग उतरतो, तो खर्च मालकाचा. त्यासाठी डिपॉझिट कापणारे मालक मला पटत नाहीत. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, चाव्या मोजून घेतल्या, ताबा पावतीवर दोघांच्या सह्या झाल्या.

पुढे फ्लॅट दोन नर्स मुलींना दिला. सोसायटीने हरकत घेतली की बॅचलर मुली नकोत, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मेंटेनन्सच्या निम्म्याइतका लावला. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाची प्रत मी कमिटीला दिली: हा चार्ज सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. फ्लॅट कुणाला द्यायचा हे मी ठरवीन, कमिटीला करार आणि पोलीस नोंदणीची प्रत मिळेल, असं पत्रही दिलं. चार्ज कमी झाला, मुली राहायला आल्या. रात्रपाळी करून सकाळी येणाऱ्या मुलींकडे वॉचमनने रोखून पाहू नये, हेही मी कमिटीला त्याच पत्रात लिहिलं होतं.

त्यांचा करारही अकरा महिन्यांचा आणि नोंदणीकृत आहे. पावसाळ्यात बाथरूमच्या छताला ओल आल्याचं त्यांनी फोटोसह कळवलं. वरच्या मजल्यावरच्यांना घेऊन मी त्याच आठवड्यात प्लंबर नेला.