कानामागचा ठिपका

उजनी धरणाच्या पाण्यात आमच्या पिंपरी-चिंचवडचाही वाटा आहे. तो मिरवण्यासारखा नाही. पवना दापोडीला मुळेत आणि तिच्यातून पुढे भीमेत मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेत, चाकणकडची भामाही भीमेतच. सांडपाणी त्यांच्याच सोबतीने जाते. त्या भीमेच्या फुगवट्यावर, भिगवणला, हिवाळ्यात सगळे फ्लेमिंगो बघायला येतात. मी कुरव, म्हणजे गल, बघतो.

चाकणला माझे काम तपासणीचे. तिथे मास्टर पीस शेजारी ठेवून माल पडताळतात. इथे माझा मास्टर पीस म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याचे डोके तपकिरी नसते आणि काळ्या डोक्याच्या कुरवाचेही काळे नसते. दोघे पांढरे, कानामागे काळसर ठिपका. मग पंख उघडेपर्यंत थांबायचे. पहिल्याच्या पंखाचे टोक काळेभोर आणि त्यात पांढरे ठिपके, डोळा फिकट. दुसऱ्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर, डोळा गडद.

हे झाले प्रौढांचे. पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाला पंखातले ते ठिपके नसतात आणि डोळाही गडद असतो. म्हणून आधी वय, मग जात. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली की पक्षी कोवळा.

थव्यात शोधायचा असतो तो तिसरा, निमुळत्या चोचीचा, इंग्रजीतला स्लेंडर-बिल्ड गल. जामनगरच्या किनाऱ्यावर त्याचे थवे उतरतात. देशावर तो विरळाच. त्याचा पंख हुबेहूब काळ्या डोक्याच्या कुरवासारखा, त्यामुळे इथे पंख कामाचा नाही. कानामागचा ठिपका पुसट किंवा नाहीच, मान लांब, कपाळ उतरते, चोच लांब. यातली मान सर्वांत फसवी: वरून शिकारी पक्षी गेला की प्रत्येक कुरव मान ताणतो. पुसट ठिपक्याचे काळ्या डोक्याचे कुरवही असतात. माझा भरवसा कपाळावर आणि चोचीवर, तोही पक्षी निवांत बसलेला आणि शेजारी दुसरा कुरव असेल तरच. (घारापुरीच्या बोटीवरून वेफर्स फेकून कुरव जवळ बोलावतात. बघायला सोय होते, पण मला ते पटत नाही.)

भिगवणहून आलात की सुंदर तेवढे फोटो ठेवून बाकीचे पुसू नका. पंख उघडलेला धूसर फोटो आणि बाजूने दिसणाऱ्या चोचीचा एक, एवढे दोन तरी जपा.