ठोक्याचं वावर

दर्यापूर तालुक्यातल्या पाच एकरांच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. बाबांनी हयातीतच वाटणी केली. एक तुकडा भावाला दिला, एक मला. मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. भाऊ अकोल्याला नोकरीत आहे आणि आई त्याच्याकडे असते. वावर पेरतो तो तिसराच माणूस. त्याचे वडील बाबांकडे सालदार होते आणि तो मला लहानपणापासून ताई म्हणतो.

आमच्याकडे याला ठोक्यानं देणं म्हणतात. पाडव्याच्या सुमारास एकरी रक्कम ठरते, पेरणीआधी ती मालकाच्या हाती पडते आणि पुढचा सगळा नफातोटा पेरणाऱ्याचा. कागद होत नाही. कागद केला तर 1958 च्या विदर्भ कूळ कायद्याचा आधार घेऊन तो उद्या हक्क सांगेल, ही भीती मालकांच्या घराघरांत मुरलेली आहे. त्यामुळे धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत राबणारा माणूस सरकारी दप्तरात कुठेच नसतो. बी त्याचं, खत त्याचं, डवरणी-फवारणी त्याची. नोंद मात्र माझी.

जुलै 2022 मध्ये पावसानं खळ घेतला नाही. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून सगळी भिस्त पावसावर. आणि काळी माती अशी चिवट, की पाऊस जास्त झाला तर पाणी उतरता उतरत नाही. सोयाबीन आधी पिवळं पडलं, मग मुळाशी सडलं. पाच एकरांतलं जेमतेम एक एकर हिरवं उरलं. त्या वर्षी राज्य सरकारनं कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी 13,600 रुपयांची मदत जाहीर केली, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. दिवाळीच्या आधी माझ्या खात्यात 27,200 रुपये जमा झाले. अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतं. बुडालेल्या पिकात माझं दाणाभरही बी नव्हतं.

भावाला फोन केला. त्याच्याही खात्यात तेवढेच आले होते. तो म्हणाला, "आपण ठोका कमी घेतो, गावातल्या इतरांपेक्षा कमी. जमीन आपली, धारा आपण भरतो. आणि तू बँकेतून त्याला पैसे दिलेस, तर तोच उद्या कुळाचा पुरावा होईल. द्यायचेच असतील तर रोख दे, पण नको देऊ." माझा भाऊ लोभी नाही. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचं कर्ज चालू आहे आणि कोर्टकचेरीत पिढ्या गेलेली घरं त्यानं जवळून पाहिली आहेत. त्याच्या बोलण्यातला एकही मुद्दा मला खोटा म्हणता आला नाही. फोनवर मागून आई बोलली, "त्याची बियाण्याची उधारी किती हाय, ते आदी इचार." ती उधारी किती असेल, हे आम्ही दोघांनीही विचारलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी वर्गात उद्धव शेळके यांची 'धग' शिकवत होते. 1960 ची ही कादंबरी, बोली आमची वऱ्हाडी, आणि तिच्या मध्यभागी कौतिक. नवऱ्याचा हात कामाला वळत नाही, घर तिच्या कष्टांवर आणि तिच्या मानीपणावर उभं. वर्गात बसलेली मुलं बहुतेक खेड्यांतली. सगळी कौतिकच्या बाजूची. एकीनं विचारलं, "मॅडम, गावातल्या लोकांनी तिचं काहीच का नाही केलं?" मी उत्तर दिलं, परीक्षेत लिहिता येईल असं. पण प्रश्न मनातून जाईना. कादंबरीत आपण कौतिकच्या बाजूला उभे राहतो, कारण तिथे उभं राहायला काही मोजावं लागत नाही. शेळक्यांनी गावातली माणसं राक्षस केलेली नाहीत. ती आपापल्या घरात, आपापल्या हिशेबात गुंतलेली आहेत. माझ्या खात्यातले 27,200 रुपये तसाच एक हिशेब होता.

साहित्यातून नीती शिकता येते, असं आम्ही शिक्षक सहज म्हणून जातो. मला ते पूर्ण पटत नाही. कौतिकनं मला काय करावं ते सांगितलं नाही. एवढंच झालं, की ज्याचं पीक बुडालं त्याला मी 'ठोकेवाला' म्हणून विसरू शकले नाही. त्याला घर होतं, बायको होती, उधारी होती.

दुसरी आठवण पुस्तकातली असूनही आमच्या मातीतली. मूर्तिजापूरजवळचं दापुरी हे गाडगेबाबांचं आजोळ. वडील गेल्यावर डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, तिथेच वाढला, मामाच्या शेतात राबला. मामा चंद्रभानजी साधा माणूस. सावकाराच्या कागदांत अडकला आणि जमीन त्याच्या हातून निसटायला आली. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजीनं औत सोडलं नाही. कागद एकाचा आणि घाम दुसऱ्याचा, हे भांडण त्या निरक्षर पोरानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वावरात उभं राहून केलं. पुढे याच माणसानं ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि आपल्या नातलगांचा त्यांवर हक्क राहू नये याची तजवीज करून ठेवली. गावी जाताना वलगावच्या पेढी नदीच्या पुलावरून जावं लागतं. तिथेच 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा गेले. त्या पुलावरून मी शेकडो वेळा गेले आहे, पण अनुदानाचे पैसे द्यायचे ठरवून निघाले त्या दिवशी कागदात आपण कुठल्या बाजूला आहोत हे पहिल्यांदा नीट दिसलं. सातबारा माझ्या पर्समध्ये होता.

वावर पेरणाऱ्याच्या घरी पोचले, चहा झाला, मी पैशांचं काढलं. तो लगेच म्हणाला, "नाई ताई. ठोका म्हंजे ठोका. मांगच्या साली सोयाबीन सात हजारानं इकलं, तवा म्या तुमाले जास्तीचा एक रुपया देल्ला काय? नाई देल्ला. मंग आता बुडालं त तुमच्याजोळ काहून मांगू?"

मी तयारी करून गेले होते ती नाही म्हणणाऱ्या भावाला उत्तर द्यायची. नाही म्हणणाऱ्या या माणसाला काय सांगावं, सुचेना. त्याचा हिशेब चोख होता आणि त्यात त्याची इज्जत होती. मी उपकार करायला आले आहे असं त्याला वाटलं असतं, तर त्यानं पैशाला हात लावला नसता.

तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, "कृषी केंद्राची उधारी हाय, ते सांगा ना बाईले." तो गप्प झाला.

मग मी म्हटलं, "ठोक्याची गोष्ट वेगळी. ठोका जमिनीचा, तो मी घेतला, तो माझा. हे पैसे जमिनीचे नाहीत, बुडालेल्या पिकाचे आहेत. पीक तुझं होतं. सरकारनं तुला द्यायचे ते माझ्या खात्यात टाकले. मी देत नाही, तुझे आहेत ते पोचते करते." त्यानं बराच वेळ जमिनीकडे पाहिलं. नंतर वहीचं पान फाडून आणलं आणि पैसे मिळाल्याची ओळ लिहून सही केली. रोख घ्यायला तो तयार होता, पण मी बँकेतूनच पाठवले आणि पुढे कारण लिहिलं: पीक नुकसान 2022.

गावात बोलणं झालं. एका मालकानं मला स्पष्ट विचारलं, "तुमी पायंडा पाडता, आमी काय करावं?" एक-दोघांनी अर्धी रक्कम दिल्याचं कानावर आलं. बहुतेकांनी दिली नाही. भावानं दिली नाही, पण पुढच्या पाडव्याला एकरी ठोका कमी केला. त्यावरून आमच्यात पुन्हा वाद झाला नाही.

माझा आग्रह मात्र तिथे थांबला नाही. अनुदान परत करणं हे मालकाच्या मर्जीवर राहतं, आणि मर्जीवर चालणाऱ्या न्यायाचा भरवसा नाही. मी उद्या नसेन, माझ्या मुलाला वेगळं वाटेल. म्हणून 2023 च्या खरिपाआधी मी पेरणाऱ्याशी एका वर्षाचा भाडेपट्टा करार नोंदवला. धोका अजिबात नाही असं वकिलांनी सांगितलं नाही. तो पत्करावा लागला. पण नोंदणीकृत करार असला, की भाड्यानं शेती करणाऱ्याला स्वतःच्या नावानं पीक विमा काढता येतो. तो त्यानं काढला.

अमरावती, अकोला, पुणे, मुंबईत राहून ज्यांचं वावर गावी ठोक्यानं आहे, त्यांना माझी विनंती आहे. येत्या पाडव्याला रक्कम ठरवाल तेव्हा करार लेखी करा, नोंदवा. आणि तोवर एखाद्या वर्षी पिकाच्या नुकसानीचं अनुदान तुमच्या खात्यात आलं, तर ज्यानं पेरलं त्याला त्याच दिवशी फोन लावा.