बांध, खोड, विहीर

गढूळ पाण्यात डोळे काही कामाचे नाहीत. जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेला शिशाचा गोळा आणि मागे रबरी शेपटी. माझा १० ग्रॅमचा आहे. तो तळाला टेकला की खालची सगळी बातमी दोरीतून बोटावर येते. म्हणून ब्रेडेड लाइन लागते. नायलॉन ताणला जातो आणि निम्मी बातमी मधेच गिळतो.

चिखलात जिग रुततो, उचलताना जड लागतो. दगडावर टकटक. लाकडावर ठोका बोथट, मग दोरी कशावर तरी चढून पलीकडे घसरल्यासारखी वाटते. मासा मात्र बहुतेकदा जिग पडत असतानाच घेतो. एक बारीक टिचकी, कधी तीही नाही. सहा मोजल्यावर तळ लागायचा, तर चारलाच दोरी सैल. तेव्हा विचार करत बसायचं नाही, रॉड उचलायचा.

एवढं यूट्यूबवर मिळतं. बारवीचा तळ मिळत नाही. तो मला मामा शिकवतात. नात्यातले नव्हेत, काठावरचे. रॉडला ते हसतात, स्वतः हातदोरी टाकतात.

हे धरण एमआयडीसीचं. आमच्या उल्हासनगरच्या नळाला इथलंच पाणी येतं. २०१९च्या पावसाळ्यात वाढवलेल्या उंचीपर्यंत, म्हणजे ७२.६० मीटरपर्यंत, पाणी अडवलं आणि तोंडलीसारखी गावं त्याखाली गेली. मामांचं शेतही गेलं.

टक. मऊ, मऊ, मऊ. पुन्हा टक. मी म्हटलं, खडक आहे.

"खडक नाय, बांध हाय. मधी खाचर."

शिवडा मोकळ्या खाचरात फिरत बसत नाही, बांधाच्या कडेला दबा धरतो. त्यामुळे आडवं फेकून बांध ओलांडण्यापेक्षा बांधाला धरून फेकायचं. जिग जास्त वेळ त्याच्या तोंडासमोर राहतो. हे कळल्यावर माझ्या निम्म्या फेका वाचल्या.

मेमध्ये एकदा जिग लाकडात अडकला. अशा वेळी ओढलं की गळ आणखी रुततो.

"तोडू का?"

"थांब."

मामांनी दोरी हातात घेतली, ढिली सोडली, बोटावर धरून बराच वेळ नुसते उभे राहिले. मग काठाकाठाने पलीकडे गेले आणि उलट बाजूने हलका झटका दिला. गळाला काळी, कुजकी साल आली. नखाने ती काढून त्यांनी जिग माझ्याकडे दिला.

"आंब्याच्या डाव्या अंगाला टाक. तिथं हीर हाय."

मी मोजायला लागलो. सहा झाले, नऊ झाले, दोरी जातच होती.