काकांचे पाचशे डॉलर

मी कलाशाखेचा विद्यार्थी. आकडेमोडीशी माझे हाडवैर. तरीही २०२३ चा जुलै मी मिरजेला काकांच्या ओसरीवर आयकराच्या कागदांत घालवला. जाणकाराची फी काकांना परवडत नव्हती असे नाही, पटत नव्हती.

काका वीस वर्षे टोरांटोला नोकरी करून २०१६ साली परतले. तिथल्या आर. आर. एस. पी. या निवृत्तिखात्यात त्यांची पुंजी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये काकूंच्या गुडघ्यांसाठी त्यांनी चाळीस हजार डॉलर काढले. कॅनडाने पंचवीस टक्के, म्हणजे दहा हजार, आधीच कापून घेतले.

"त्यांनी घेतले, आता आपले सरकार तेवढे सोडेल," काका म्हणाले. मलाही तसेच वाटले होते.

गोम अशी की, कॅनडा पैसे काढताना कर घेतो. आपला कायदा मात्र खात्यातल्या वाढीवर दरवर्षी कर लावी. दोन्ही करांची वर्षेच जुळत नसत, मग तिकडचा कर इकडे वजा कसा व्हायचा? २०२१ साली १९६१ च्या आयकर कायद्यात ८९अ हे कलम आले आणि कॅनडा, अमेरिका, ब्रिटन इथल्या अशा खात्यांवरचा आपला कर पैसे काढेपर्यंत थांबवण्याची मुभा मिळाली. काकांनी २०२२ च्या रिटर्नबरोबर तो फॉर्म भरला होता. त्यामुळे त्यापुढच्या वाढीवरचा कॅनडाचा कर वजा मिळाला. तोही दोन्ही करांत जो कमी असेल तेवढाच. काका तिकडे असतानाची पुंजी इथे करपात्रच नाही, म्हणून तिच्यावर वजावटही नाही. इथवर काकांना पटले.

अडले ते २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन वर्षांपाशी. तेव्हा ही मुभा नव्हती. कुणी विचारले नसतानाही काकांनी सुमारे दोन हजार डॉलरची वाढ दाखवून इथे कर भरला होता. त्या रकमेवर इथे पुन्हा कर नाही, हे खरे. पण तिच्यावर कॅनडाने कापलेला कर वजावटीत धरायचा नाही, असा नियम. पाचशे डॉलर, म्हणजे तीसेक हजार रुपये, गेले.

मी नियम तीनदा वाचून दाखवला.

"आणि मी तेव्हा गप्प बसलो असतो तर?" काकांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. काकू आतून चहा घेऊन येत होत्या, भिंतीला हात लावत.

काकांनी पत्र्याच्या डब्यातून त्या दोन वर्षांची चलने काढली, पाहिली, पुन्हा घडी घालून ठेवली. मग चष्मा पुसून मोबाईलवर आलेला ओटीपी एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले.