काळ्या पट्ट्यांपासून आरंभ : ईट येथील बालवयीन पियानोशिक्षणाचा अनुभव

पियानो हे आघाताने वाजणारे तंतुवाद्य आहे. पट्टी दाबली की आतली नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते, स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून तो विरू लागतो. इ. स. १७००च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी या कारागिराने ही रचना सिद्ध केली आणि पुढे तिच्यात लोखंडी चौकट, सव्वादोनशेच्या आसपास तारा व ८८ पट्ट्या अशी भर पडत गेली. असे वाद्य धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातल्या ईट या गावी येणे अवघड आहे, आणि किंमत हे त्याचे एकमेव कारण नव्हे. तारांचा एकत्रित ताण पंधरा ते वीस टनांच्या घरात असतो, मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात लाकडी ध्वनिफलक आकसतो व स्वर उतरतात, आणि ते पुन्हा लावून देणारा माणूस पुण्या-मुंबईकडून बोलवावा लागतो. म्हणून ईट येथे चार ते सहा वर्षांच्या मुलांना जे शिकवले गेले ते पूर्ण रुंदीच्या ६१ पट्ट्यांच्या, बॅटरीवरही चालणाऱ्या विद्युत्-वाद्यावर. गावात त्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. पुढील विवेचन त्या शिकवण्याच्या अनुभवावर आधारलेले आहे.

या मुलांचा कान कोरा नव्हता, ही गोष्ट सर्वप्रथम लक्षात घ्यावी लागते. भजनी मंडळ, काकडा, अखंड हरिनाम सप्ताह आणि लग्नाच्या वरातीतील बेंजो पार्टी यांतून पेटीचा, टाळाचा व पखवाजाचा नाद त्यांच्या कानांवर पाळण्यापासून पडत आलेला असतो. शहरातील बालवर्गासाठी लिहिलेली पियानोची पुस्तके या पूर्वतयारीची दखल घेत नाहीत. त्यांतील पहिला धडा बहुधा वाद्याच्या मध्यावरील ‘सी’ या पांढऱ्या पट्टीपासून सुरू होतो. पेटीवाले तिला ‘पांढरी एक’ म्हणतात. प्रौढाला ही सुरुवात सोपी वाटते, कारण पांढऱ्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या दिसतात. परंतु चार वर्षांच्या मुलाला एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या रांगेतून नेमकी एक शोधणे हेच सर्वांत कठीण जाते. काळ्या पट्ट्यांचे तसे नाही. त्या उंचावलेल्या असतात, दोन आणि तीन अशा गटांनी बसवलेल्या असतात आणि डोळे मिटूनही हाताला लागतात.

याहून महत्त्वाचे कारण स्वररचनेत आहे. तीन काळ्यांच्या गटातील पहिली पट्टी, म्हणजे पेटीवाल्यांची ‘काळी तीन’, षड्ज मानली आणि तेथून केवळ काळ्याच पट्ट्या क्रमाने वाजवल्या, तर सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर मिळतात. मध्यम व निषाद वर्ज्य असलेला हा स्वरसमूह भूप रागाचा आहे, आणि गाण्याच्या वर्गात नवख्यांना जे राग आरंभी शिकवतात त्यांत भूप हमखास असतो. या पाच पट्ट्यांत बेसूर लागेल असा स्वरच नसतो. मूल कशीही बोटे टाको, जे उमटते ते कानाला रुचते. बालवयीन शिक्षणात पहिल्या काही आठवड्यांतील भीती हीच मुख्य अडचण असल्यामुळे, वाद्यानेच चुकीची शक्यता काढून टाकलेली असणे ही फार मोठी सोय ठरते. पाश्चात्त्य पद्धतीतही याला आधार सापडतो. शोपँ आपल्या शिष्यांचा हात प्रथम अशा ठेवणीत बसवीत असे की मधली लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर यावीत, कारण हाताच्या नैसर्गिक घडणीला तीच ठेवण मानवते. ‘सी’पासून आरंभ करण्याची रूढी कागदावरच्या लेखनाच्या सोयीतून आली, हाताच्या किंवा कानाच्या सोयीतून नव्हे, असे म्हणण्यास जागा आहे.

वर्ग ओसरीवर भरे, आणि त्याची वेळ संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यानंतरची असे. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे आणि या भागातील घरांचा दिनक्रम जनावरांच्या धारांवर बेतलेला असतो. त्यामुळे जपानच्या शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत अपेक्षित असलेली आई येथे मिळणे शक्य नव्हते. सुझुकी (१८९८–१९९८) यांनी आपल्या पद्धतीला मातृभाषेची पद्धत म्हटले. मूल ज्याप्रमाणे अक्षरओळखीच्या कितीतरी आधी ऐकून बोलू लागते, त्याचप्रमाणे लिपीच्या आधी ऐकून वाजवू लागावे आणि घरच्या सरावाची जबाबदारी धड्याला उपस्थित राहणाऱ्या पालकाने घ्यावी, असा तिचा गाभा आहे. ईट येथे ही जागा आजीने घेतली. तिला पट्ट्यांची नावे माहीत नसत. पण ओवी आणि अभंग गाऊन तयार झालेला तिचा कान इतका पक्का असे की चालीत एक स्वर हुकला तरी भाजी निवडता निवडता ती मान वर करून ‘आता चुकलं बघ’ म्हणे. सराव करून घेणारी व्यक्ती वाद्य वाजवणारी असलीच पाहिजे, हा आग्रह या वयात अनावश्यक असल्याचे यावरून दिसते.

आजीमुळे एक अडचणही आली. पियानोशिक्षणात बोटांना क्रमांक देण्याची रीत जगभर एकच आहे : अंगठा १ आणि करंगळी ५. आपल्याकडे घरी मोजणी शिकवली जाते ती बहुधा अंगठ्याने बोटांची पेरे मोजून, आणि तीही करंगळीपासून. त्यामुळे ‘एक नंबरचे बोट’ म्हटले की मुलांची करंगळी पुढे येई. क्रमांकांऐवजी बोटांची मराठी नावे वापरल्यावर हा घोळ मिटला, शिवाय अनामिका नावाचे बोट आपल्या हाताला आहे याचे मुलांना भारी अप्रूप वाटले.

धडा पाव तासापलीकडे लांबवण्यात अर्थ नसतो, आणि त्यातलाही मोठा भाग वाद्यापासून दूर जातो. प्रथम चाल गायची, मग टाळीवर धरायची, मग ओसरीच्या कडेला बोटांनी वाजवायची आणि त्यानंतरच पट्टीला हात लावायचा, असा क्रम ठेवला जाई. हंगेरीत झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) यांनी हाच आग्रह धरला होता की मुलाचे पहिले वाद्य त्याचा गळा असावा आणि पहिले साहित्य त्याच्या मुलखाची लोकगीते असावीत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षण खेड्यापाड्यांत नेताना परिसरातील वस्तू व गाणी यांनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले; १९४५ साली बोर्डीस सुरू झालेल्या त्या कामातूनच अंगणातल्या शाळेची कल्पना आकारास आली. पियानोसारखे परके वाद्य शिकवतानाही त्या मार्गाने जाता येते.

विद्युत्-वाद्यावर कोणता नाद निवडायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. पेटीत भात्याची हवा असेपर्यंत स्वर टिकतो. पियानोचा स्वर मात्र पट्टी दाबून ठेवली तरी मावळतो. पेटीच्या सवयीच्या मुलांना पियानोचा नाद ‘मधेच बंद पडतो’ असे वाटे आणि ती बटणे दाबून ऑर्गनच्या अखंड नादाकडे वळत. तरीही पियानोचा नादच कायम ठेवण्यात आला, कारण विरत जाणारा स्वर शेवटपर्यंत ऐकण्याची सवय लागल्याशिवाय पुढचा स्वर केव्हा आणि किती जोराने वाजवायचा याची जाण येत नाही. याउलट वाद्यात आयते भरलेले ढोलकी-तबल्याचे ठेके मात्र संपूर्ण बंद ठेवावे लागले. ते एकदा सुरू झाले की धड्याची वरात होते.

काळ्या पट्ट्यांच्या पद्धतीची मर्यादा मुलांच्या गळ्याशी निगडित आहे. काळी तीनचा षड्ज धरला तर वरचा धैवत बऱ्याच मुलांना चढा जातो, म्हणून चाल खाली आणून पांढरी दोनपासून वाजवण्याचा प्रयोग करण्यात आला. तेथे एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्तन बारकाईने पाहण्यासारखे होते. तिने सा आणि रे बरोबर वाजवले आणि सवयीने पुढची पांढरी पट्टी दाबली. ती या षड्जाचा कोमल गंधार असल्यामुळे चाल बिघडली. मुलगी थांबली, मागे गेली आणि तीच पट्टी अधिक जोराने दाबून पाहिली, जणू जोर दिल्याने स्वर सुधारणार होता. मग तिने तो स्वर तोंडाने गायला, गाता गाताच बोट शेजारच्या काळीवर सरकवले आणि शुद्ध गंधार लागताच मागे न पाहता पुढची सगळी चाल वाजवून टाकली. षड्ज हलला की पट्ट्या बदलतात पण चाल बदलत नाही, हे संगीतशास्त्रातले मोठे तत्त्व तिला कोणी सांगितले नव्हते. गळ्यात चाल पक्की असल्यामुळे ते तिच्या बोटांना सापडले.

येथे एक जुना आक्षेप विचारात घ्यावा लागतो. पियानो व पेटी यांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, आणि त्यामुळे त्यांचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप याच कारणासाठी केला, आणि १९४० साली रेडिओने पेटीवर घातलेली बंदी १९७१पर्यंत टिकली तिच्यामागेही हा आक्षेप होता. बालवर्गापुरते पाहिल्यास, गाणे तानपुऱ्याच्या आधाराने आणि वाजवणे पट्ट्यांवर अशी विभागणी ठेवली तर मुलांच्या गळ्यावर अनिष्ट परिणाम झालेला दिसला नाही. पाच वर्षांच्या मुलाचा गंधार ढळतो तो बाराव्या हिश्शामुळे नव्हे, तर भूक लागल्यामुळे किंवा बाहेर मित्र खेळत असल्यामुळे.

सप्ताहाच्या दिवसांत वर्ग भरत नसे, पण शिक्षण थांबत नसे. मुले पेटीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसत आणि त्याचे अनुकरण घेऊन परतत. त्यांतून एक चमत्कारिक सवय आली : उजव्या हाताने पट्ट्या वाजवताना डावा हात वाद्याच्या मागे जाऊन नसलेला भाता हालवू लागे. पियानोत दोन्ही हातांनी स्वर वाजवायचे असतात, त्यामुळे ही सवय मोडण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. ती न मोडता त्याच हेलकाव्याला काम देण्यात आले. डावी करंगळी खालच्या सप्तकातील काळी तीनवर, अंगठा तिच्या वरच्या काळी एकवर, आणि भात्याच्या लयीत आलटून पालटून सा, प, सा, प. अशा सततच्या षड्ज-पंचमाला जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या बालसंगीतपद्धतीत ‘बॉर्डुन’ म्हणतात आणि पंचस्वरी चालींना तोच पहिला आधार म्हणून दिला जातो. दोन्ही हात एकत्र आणणे हा नवशिक्यांच्या वाटेतला नेहमीचा अडसर. येथे तो फारसा जाणवलाच नाही, कारण डाव्या हाताची लय मुलांनी मंदिरातून आणलेली होती.

लेखनाचा प्रश्न शेवटी येतो. काळी तीनच्या षड्जावरची चाल पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत लिहायची तर आरंभीच सहा तीव्र चिन्हे द्यावी लागतात आणि ती कोणत्याही बालकासमोर ठेवण्यासारखी नसतात. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि सप्तक दाखवणारे बिंदू एवढाच संकेत आहे, आणि मध्य सप्तकातल्या भूपाला तर यांपैकी काहीच लागत नाही. नुसती सा, रे, ग, प, ध ही अक्षरे पुरतात. पहिलीत अक्षरे गिरवू लागलेली मुले ती पाटीवर स्वतः लिहू शकतात. पुढे ज्यांना लंडनच्या मंडळांच्या पियानो-परीक्षांकडे वळायचे असेल त्यांच्यासाठी त्याच चाली पांढरी एकच्या षड्जावर आणाव्या लागतात. तेथे सा, रे, ग, प, ध हे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि पाच रेघांवर एकाही चिन्हाविना लिहिता येतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षांकडे जाणाऱ्यांना मात्र उजवा हात तसाच ठेवून डावा हात पुन्हा भात्यावर न्यावा लागतो.