वाईहून पाचगणीस

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आम्ही फटफटी चालविण्यास शिकलो हे वाचून वाचकांपैकी कित्येकांस हसू येईल. आमच्या घरी तर ते प्रथम धाकट्या सूनबाईंनाच आले. परंतु त्यास तसेच कारण होते. आमची वडील भगिनी, जिला सारे कुटुंब अक्का म्हणते, पाचगणीस एकटी राहते. आम्ही वाईस. मधील अंतर सुमारे १२ किलोमीटर, पण एस. टी.च्या वेळा आणि अक्काची प्रकृती यांचा मेळ काही केल्या बसेना. तेव्हा फाल्गुनात शिकाऊ परवाना काढला, पुतण्यास गुरू केले, आणि वैशाखात परीक्षकांसमोर आठाच्या आकड्याची वळणे घेऊन पक्का परवाना पदरात पाडून घेतला.

परवाना हाती येताच आम्हांस वाटले, आता पसरणीचा घाट आपलाच! पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, शब्दरूपे पाठ झाली म्हणजे संस्कृत आले असे नव्हे, हे वर्गात तुम्हीच सांगत होता ना?" आमचेच शस्त्र आमच्यावर उलटले! मग त्याने आम्हांस क्रम आखून दिला : आधी मेणवली, मग धोम, आणि घाट सर्वांत शेवटी.

मेणवली वाईपासून अवघ्या तीनेक किलोमीटरांवर. नाना फडणविसांचा वाडा, खाली कृष्णेचा दगडी घाट, आणि १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर आणलेली म्हणून प्रसिद्ध असलेली ती थोरली घंटा. पंधरा दिवस आम्ही पहाटे तेथवर जात होतो, आणि शिकत होतो ते केवळ थांबणे. गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मात्र तो एकदम आवळावयाचा नाही, क्रमाक्रमाने दाबावयाचा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर लागणारे अंतर चौपट होते. ताशी ६० किलोमीटरांच्या वेगात एका सेकंदास १६ मीटरांहून अधिक वाट मागे पडते. पुढील वाहनाने एखादा खांब ओलांडल्यापासून आपण तेथे पोहोचेपर्यंत निदान दोन सेकंद जावे लागतात. ते मोजण्यास आम्ही "रामः रामौ रामाः" सावकाश म्हणू लागलो. विभक्ती पुरी होण्याआधी खांब आला तर आपण फार जवळ आहोत असे समजावे!

ज्येष्ठात धोमचा रस्ता धरला. त्या वाटेने आम्हांस वळणे शिकविली, आणि एक तडाखाही दिला. एका वळणावर समोरून विटांनी भरलेली ट्रॉली आली. आमची दृष्टी तिच्यावर खिळली, आणि काय आश्चर्य, गाडीही तिच्याच रोखाने चालली! कसेबसे डावीकडे घेतले, तो चाक खडीत घसरले आणि आम्ही रस्त्याकडेला कलंडलो. शिरस्त्राण व जाड अंगरखा यांमुळे गुडघ्याच्या खरचटण्यावर निभावले. पुढे धोमच्या देवळात कमळाकार कुंडातील नंदीसमोर आम्ही घटकाभर नुसते बसून राहिलो. जेथे दृष्टी तेथे गाडी, हे सूत्र आम्हांस त्या दिवशी कळले. वेग वळणापूर्वीच उतरवावा, आणि नजर धोक्यावर न ठेवता जेथून बाहेर पडावयाचे तेथे ठेवावी.

आषाढातील एका रात्री आठाच्या सुमारास पाचगणीहून शेजाऱ्यांचा दूरध्वनी आला : अक्का भोवळ येऊन पडली. बाहेर पाऊस कोसळत होता. आमचा हात आपोआप किल्लीकडे गेला. ज्या दिवसासाठी हा सारा खटाटोप केला, तोच हा दिवस नव्हे काय? तोच आमच्या सौभाग्यवती दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "अहो, तुमचे निघणे अक्कांच्या काय कामाचे? पोहोचणे कामाचे."

किल्ली खुंटीला लावली. खरे सांगावयाचे तर फार लाज वाटली. शेजाऱ्यांची मोटार मागून घेतली व तिच्यातून निघालो. घाटात धुके इतके दाट, की कठडा दिसेना. उतरणाऱ्या वाहनांचे दिवे ओल्या काचेवर फुटून डोळे दिपवीत होते, आणि एका वळणावर हातभर लांबीचा धोंडा रस्त्याच्या मध्यभागी पडलेला होता. चार चाकांची मोटार तो चुकवून गेली. दोन चाकांवर आमचे काय झाले असते, हे त्या वळणावर आम्ही मनाशी पुरते समजलो. अक्काचा रक्तदाब उतरला होता. डॉक्टर वेळेवर आले आणि चार दिवसांत ती हिंडूफिरू लागली.

अखेर कार्तिकातील एका बुधवारी, मुंबई-पुण्याच्या प्रवाशांची गर्दी नसताना, आम्ही सकाळी घाट चढलो. शाहीर साबळे यांचे जन्मगाव पसरणी मागे पडले; चढ लागताच खालचा गिअर घेतला आणि प्रत्येक वळण अक्षर गिरवावे तसे सावकाश गिरविले. अर्ध्यावर एका रुंद जागी थांबलो. खाली वाईचे खोरे, कृष्णेची रेघ आणि पलीकडे धोमच्या जलाशयाचे पाणी उन्हात चमकत होते. ज्या वाटांवर शिकलो त्या साऱ्या येथून एका दृष्टीत मावत होत्या.

अक्का अंगणात तुळशीपाशी होती. गाडी पाहून आम्हांस शाबासकी मिळेल अशी आमची अपेक्षा. ती म्हणाली, "आज काय आलास, त्याचे मोठेसे नाही रे. त्या रात्री गाडी घरी ठेवून आलास, तेव्हाच म्हटले, माझा भाऊ चालवायला शिकला."

परतताना उतारावरही गिअर खालचाच ठेवला, घाईच्या मोटारींना वाट दिली, आणि दिवेलागणीपूर्वी घरी आलो.