सूर्याला कामाला लावताना

बंगळूरच्या बेळ्ळंदूरसारख्या भागांत गच्चीवरच्या सौरबंबाचे आता कुणाला नवल वाटत नाही. पण पाणी तापवणाऱ्या त्याच उष्णतेवर घरच्या घरी एखादे यंत्र चालवता येईल का? हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतील एका गृहस्थाने हाती घेतला होता.

विल्यम ॲडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होते. त्या काळी कोळसा विलायतेहून जहाजाने येई आणि महाग पडे. सरपणासाठी जंगले तुटत. डोक्यावर मात्र फुकटचे ऊन तळपत असे. ॲडम्स यांनी साधे सपाट आरसे अशा रीतीने मांडले, की सर्वांचे किरण एकाच बाष्पपात्रावर पडावेत. मोठा वक्र आरसा घडवणे खर्चाचे. सपाट आरसे स्वस्त, आणि फुटला तर तेवढाच बदलता येतो. कुलाब्यातील आपल्या आवारात त्यांनी या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून पंप फिरवला. १८७८ साली हे प्रयोग त्यांनी पुस्तकरूपाने मांडले. लाकूड व आरशांची सौरचूलही त्यांनी केली होती. तिच्यावर जानेवारीत सात सैनिकांचे अन्न दोन तासांत शिजले.

मग असे इंजिन घरोघरी का पोचले नाही? ऊन फुकट असले, तरी ते विरळ असते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. घरगुती इंजिनाने तिच्यातून शेकडा ५ भाग काम काढले, तर हाती ५० वॅट येतात. एखादा पंखा जेमतेम फिरेल. सूर्य सरकेल तसे आरसेही सरकवावे लागतात. वाफेचा दाब अनावर झाला, तर पात्र फुटून जिवावर बेतते. उलट, दोन चौरस मीटरचा सौरबंब चांगल्या उन्हात रोज सुमारे १०० लिटर पाणी तापवतो. वीजच हवी असेल, तर आजचे सौरपॅनेल शेकडा सुमारे २० भाग ऊर्जा विजेत बदलते.

म्हणून ॲडम्स यांचे श्रम वाया गेले, असे मात्र नव्हे. अनेक आरशांचे किरण एकाच पात्रावर एकवटण्याची रीत आज मोठ्या सौर औष्णिक केंद्रांत वापरली जाते. घरासाठी मात्र त्यांची चूलच अधिक मोलाची ठरते. जेथे उष्णता हवी, तेथे उष्णताच वापरावी. तिचे आधी इंजिन करू नये. उन्हाने तापलेल्या पाण्याच्या प्रत्येक बादलीमागे थोडे सरपण किंवा थोडी वीज वाचते. सूर्याला कामाला लावण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.